द्रवातून शक्ती वाहून नेणारा अभियंता

चारोटी नाक्यावरून डहाणूकडे वळणारी किंवा सरळ तलासरीमार्गे गुजरातच्या सीमेकडे निघालेली स्वयंचलित गिअरची मोटार महामार्गावरील वाहनांच्या रांगेत अडकते, थोडी सरकते, पुन्हा थांबते. इंजिन मात्र बंद पडत नाही. चालकाच्या पायाखाली क्लच नसताना हे साधते, त्याचे श्रेय हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याकडे जाते.

१८७७ साली न्यूरेंबर्ग येथे जन्मलेले फ्योटिंगर म्युनिकला शिक्षण घेऊन स्टेटिनच्या व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात दाखल झाले. (हे शहर आता पोलंडमध्ये आहे.) वाफेच्या टर्बाइनने तेव्हा जहाजबांधणीत मोठा पेच निर्माण केला होता. टर्बाइन वेगाने फिरली तरच कार्यक्षम ठरते. जहाजाच्या पंख्याला मात्र संथ गती मानवते. एवढी शक्ती पेलणारी दातेरी चाके त्या काळी भरवशाची नव्हती. फ्योटिंगर यांनी दातेच वगळले. टर्बाइनने पंप फिरवावा, त्याने फेकलेल्या पाण्याने समोरचे चक्र फिरावे आणि दोन्ही एकाच बंद पेटीत बसवावीत, ही त्यांची कल्पना. मधली स्थिर पाती प्रवाह वळवून पीळ वाढवीत. १९०५ मध्ये त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले.

पुढे ते डान्झिग व बर्लिन येथे प्राध्यापक झाले. दातेरी चाके सुधारली, तसे जहाजांवरील त्यांचे यंत्र मागे पडले. मोटारीत मात्र ते तत्त्व रुजले. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबाइल मोटारीत दिलेल्या हायड्रामॅटिक गिअरपेटीत द्रवाचीच जोडणी होती. एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनच्या लढाईत, फ्योटिंगर यांचा अंत झाला.

पाण्याची जागा आता तेलाने घेतली आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे तेल केवळ वंगण नसते. इंजिनाची शक्ती तेच चाकांकडे नेते, म्हणून ते तापते आणि झिजते. रंग काळपट झाला, जळका वास आला, गिअर उशिरा किंवा झटक्याने पडू लागला, तर गाडी गॅरेजमध्ये न्यावी. अंतराची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. घाट, ओझे व सततची कोंडी असल्यास त्याआधीच तेल बदललेले बरे. खालचा बोल्ट काढला तरी कन्व्हर्टरमधले बरेच जुने तेल आतच उरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुस्तिकेत नेमून दिलेलेच तेल भरावे आणि पातळी सपाट जागी, सांगितलेल्या तापमानाला तपासावी. एएमटी गाड्यांत कन्व्हर्टर नसतो. त्यांचे तेल वेगळे.