चंबळचे सात वर्षांचे पोलीस प्रमुख : के. एफ. रुस्तमजी

नागपूरजवळच्या कामठीत १९१६ साली जन्मलेले खुसरो फरामुर्झ रुस्तमजी मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख झाले, तेव्हा नागपूर त्या राज्यात उरलंच नव्हतं. १९५६च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि इंदूर-ग्वाल्हेर मध्य प्रदेशात आले. १९३८ पासून पोलीस सेवेत असलेल्या या पारशी अधिकाऱ्याने आधी सहा वर्षं पंडित नेहरूंची सुरक्षा सांभाळली. १९५८ मध्ये ते पोलीस महानिरीक्षक म्हणून भोपाळला आले. त्या काळी राज्यातलं हेच सर्वात वरचं पद. डीजीपी हा हुद्दा नंतरचा.

वाट्याला आलं चंबळ खोरं. लोकांची नाकं कापणारा गब्बरसिंग १९५९च्या नोव्हेंबरात भिंडकडे पोलिसांच्या गोळीने मेला. 'शोले'तल्या डाकूचं नाव ते हेच. पुढच्याच वर्षी विनोबा भावे खोऱ्यात आले आणि काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. देशभर कौतुक चालू असताना रुस्तमजींनी उघड नापसंती दाखवली. अशाने पोलिसांचं मनोबल खचतं, हा त्यांचा मुद्दा. विनोबांविरुद्ध, आणि तेही सरकारी नोकराने! मोठा गदारोळ झाला, पण खुर्ची गेली नाही. कार्यकाळाची हमी देणारा नियम कुठे होता? १८६१च्या पोलीस कायद्यात तसं काहीच नव्हतं. सरकारच्या मनात आलं असतं तर एका आदेशात बदली झाली असती. तरी ते १९६५ पर्यंत राहिले आणि तिथून थेट नव्या सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक झाले.

१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे ते सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांवर त्यांनी लिहिलेल्या लेखांतून हुसैनआरा खातून खटला उभा राहिला, तोही याच काळात. आयोगाने १९७९ मध्ये सांगितलं की, राज्याचा पोलीस प्रमुख तीन नावांच्या यादीतून निवडावा, यादी लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांच्या समितीने करावी आणि त्याला चार वर्षं द्यावीत. निवृत्ती किंवा बढती आधी आली तर तेवढाच काळ. अहवाल धूळ खात पडला.

१९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २००३ मध्ये ते गेले. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तीन नावांची यादी मान्य केली, पण मुदत मात्र किमान दोन वर्षांची ठरवली. याचिकाकर्ते होते प्रकाश सिंह. तेही सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालकच.