शाई खलणारे गणपत कृष्णाजी

वर्तमानपत्र वाचून झाले की बोटे काळी होतात, ही तक्रार जुनीच आहे. वर्तमानपत्राच्या शाईतले तेल हवेने वाळत नाही. कागदाने ते शोषून घ्यावे, एवढ्यावरच भिस्त असते. शाई किती घट्ट असावी आणि ती कोणत्या तेलात खलावी, या प्रश्नांशी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एक भंडारी गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर झगडत होते. गणपत कृष्णाजी हे त्यांचे नाव. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ते आदराने घेतले जाते. पण त्यांची खरी लढाई काळ्या रंगाशी होती, हे सहसा सांगितले जात नाही.

अमेरिकन मिशनने मुंबईत १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली होती. पुढे तेथील शिळाछापाचे सुबक काम गणपत कृष्णाजींच्या पाहण्यात आले आणि आपणही असे छापावे, ही ओढ त्यांना लागली. यंत्र विकत घेण्याइतकी ऐपत नव्हती. त्यांनी लाकडाचे दाबयंत्र घडवले, दगडाचे लहान तुकडे मिळवले, शाई घरीच तयार केली आणि किरकोळ मजकूर छापून पाहिला. हात बसल्यावर लोखंडी यंत्र आले.

हे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात शिळाछाप म्हणजे तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी असलेली कला. गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईने अक्षर काढायचे, दगडावर गोंद व सौम्य आम्लाचा संस्कार करायचा आणि मग तो ओला करून वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, स्निग्ध अक्षरावर बसते. पाणी कमी पडले की कोरी जागाही शाई धरते आणि सारे पान मळकट निघते. जास्त झाले की अक्षर फिके पडते. शाई पातळ झाली तर ती पसरते आणि अक्षरांची पोटे भरतात; घट्ट झाली तर कागदाचे तंतू उपटून निघतात. दाब एका बाजूला कमी पडला तर अर्धी ओळ पुसट उमटते. एकाच दोषाची चार कारणे असू शकतात आणि त्यांतले खरे कोणते, हे एकेक बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही. आजच्या ऑफसेट यंत्रावरचा कारागीरही पाणी आणि शाई यांचाच तोल सांभाळत असतो. दगडाची जागा धातूच्या पत्र्याने घेतली, इतकेच.

अशा अवस्थेत त्यांनी कोणते काम हाती घ्यावे? पंचांगाचे! शके १७५३ चे, म्हणजे इसवी सन १८३१ चे पंचांग त्यांनी शिळाप्रेसवर छापले. पंचांग म्हणजे आकड्यांचे रान. कादंबरीत एखादे अक्षर भरले तर वाचक अंदाजाने पुढे जातो. पंचांगात आकडा भरला तर मुहूर्त चुकतो. त्यातून दगडावर थेट लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागतात. देवनागरी ३ उलटा केला की जवळजवळ ६ दिसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील जोखीम कळते.

तरीही सर्वांत अवघड दोष कागदावर दिसणारा नव्हता. शिळाछापाच्या शाईत चरबी असते, असा लोकांचा समज होता आणि तो निराधार नव्हता. दगडावर लिहिण्याच्या शाईत मेण आणि साबण यांच्याबरोबर जनावराची चरबी घालण्याची पद्धत युरोपात होतीच. छापील कागदाला स्पर्शही नको म्हणणारे कर्मठ ब्राह्मण मग पोथी विकत घेणार कसे? यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे मुद्रणाच्या इतिहासात नमूद आहे. ही केवळ युक्ती म्हणून आपण कौतुकाने सांगतो. परंतु तूप काही जवसाच्या तेलासारखे वाळून घट्ट होत नाही. शाईचा एक घटक बदलला की तिचा सारा स्वभाव बदलतो आणि प्रमाण पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागते. त्यांनी शाईवर केलेले प्रयोग या दृष्टीने पाहिले पाहिजेत. गिऱ्हाइकाच्या मनातली अढी हाही छपाईचाच दोष मानून तो खलबत्त्यात दूर करणारा हा मुद्रक होता.

पुढे १८४० च्या दशकात ते खिळ्यांच्या छपाईकडे वळले. तेथे निराळे दुखणे. मात्रा आणि वेलांटीचे बाहेर आलेले नाजूक टोक दाबाखाली तुटते, जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या भरमसाट वाढते. ठसे कापण्यापासून खिळे ओतण्यापर्यंतचे कामही त्यांनी आत्मसात केले.

त्यांचे निधन १८६० मध्ये झाले. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांच्या खटपटीची नोंद केली, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोहोचली. पुढल्याच वर्षी जावजी दादाजींनी मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला. १८६९ मध्ये त्यांचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला आणि त्याच नावाचे पंचांगही निघू लागले.