ऑगस्ट क्रोग : त्वचेचे कष्ट ओळखणारा शास्त्रज्ञ

ओढ्यातली जळू सारे आयुष्य जवळजवळ अळणी पाण्यात काढते. तिच्या अंगात मात्र मीठ असते आणि त्याशिवाय तिचे स्नायू व चेतातंतू चालत नाहीत. निसर्गनियमानुसार बाहेरचे पाणी तिच्या कातडीतून सतत आत शिरते आणि आतले मीठ बाहेर झिरपते. जादा पाणी ती पातळ मूत्रावाटे टाकते, पण त्याबरोबरही थोडे मीठ जातेच. जळू कित्येक महिने उपाशी राहू शकते, म्हणजे ही तूट केवळ अन्नातून भरून निघत असेल असेही नाही. मग मीठ येते कुठून? डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग या प्रश्नाकडे वळले तेव्हा ते साठीला पोहोचले होते आणि नोबेल पारितोषिकही त्यांच्या पदरी होते.

क्रोग यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७४ रोजी ग्रेनो या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. हाताने उपकरणे बनवण्याची आवड मुलाला लहानपणापासून होती. कोपनहेगनला शिकत असताना डबक्यातल्या एका पारदर्शक कीटक-अळीने त्यांचे लक्ष वेधले. ही अळी पाण्यात हव्या त्या खोलीवर कशी तरंगते, हे पाहण्यासाठी त्यांनी तिच्या हवेच्या इवल्या पिशव्यांतील वायू मोजण्याची पद्धत बसवली.

पुढे ते ख्रिस्तियन बोर यांचे सहायक झाले. फुप्फुसे प्राणवायू स्वतः जोर लावून रक्तात ढकलतात, असे बोर यांचे मत होते. क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांनी काटेकोर मोजमापे केली. प्राणवायू जिथे जास्त आहे तिथून कमी असलेल्या बाजूला आपोआप जातो, फुप्फुसाच्या पडद्याला त्यासाठी काहीही करावे लागत नाही, असे त्यांना दिसले. गुरूंचे मत खोडणारे हे निष्कर्ष १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचे नियमन कसे होते, या शोधासाठी क्रोग यांना १९२० चे नोबेल मिळाले. मारी यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये दोघे अमेरिकेला गेले असता क्रोग यांनी टोरांटो गाठले आणि नव्याने सापडलेले इन्शुलिन डेन्मार्कमध्ये तयार करण्याची परवानगी मिळवली.

मिठाचा प्रश्न त्यांनी १९३०च्या दशकात हाती घेतला. प्रयोगाची रीत साधी होती. प्राण्याला ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून त्याच्या अंगातले थोडे मीठ निघून जाऊ द्यायचे. मग अत्यंत विरळ मिठाच्या पाण्यात सोडायचे आणि त्या पाण्यातले क्लोराइड ठरावीक वेळाने मोजायचे. क्लोराइड घटत गेले, तर ते प्राण्याने घेतले असे ठरते. बेडकाच्या कातडीने ते घेतले. जळवा, शिंपले, गोगलगाई, क्रेफिश आणि चतुराच्या अळ्या हे अपृष्ठवंशी प्राणीही या परीक्षेला उतरले. जळू हे काम त्वचेने करते, क्रेफिश कल्ल्यांनी. क्रेफिशच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा शेकडो पट सोडियम असते, तरी तो बाहेरून आणखी ओढून घेतो. हा चढावरचा प्रवास आपोआप होत नाही. पेशींना त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते.

फुप्फुसाचा पडदा काही करत नाही, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांनीच जळूची कातडी राबते हे दाखवून दिले. आधीचे यश त्यांनी नव्या प्रश्नावर लादले नाही. दोन्ही वेळा मोजमापाने दिलेले उत्तर स्वीकारले. सोडियम आणि क्लोराइड हे घटक एकमेकांवर अवलंबून न राहता आत घेतले जाऊ शकतात, हेही त्यांनी ओळखले. विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी प्राणी बदल्यात अमोनियम आणि बायकार्बोनेटसारखे टाकाऊ आयन बाहेर सोडत असावेत, असा त्यांचा कयास होता. या संशोधनाचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

पुढच्याच वर्षी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. १९४३ मध्ये मारी गेल्या आणि १९४४ मध्ये क्रोग यांना स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. युद्धानंतर ते मायदेशी परतले. १३ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे शिष्य हान्स उसिंग यांनी हे काम पुढे नेले. बेडकाच्या कातडीतून वाहणारी वीज ही सोडियमच्या वाहतुकीचीच असते, हे त्यांनी १९५१ मध्ये दाखवले. १९५७ मध्ये डेन्मार्कच्याच येन्स स्को यांना खेकड्याच्या चेतातंतूंत सोडियम बाहेर ढकलणारा पेशीतला पंप सापडला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हाच पंप माणसाच्या मूत्रपिंडातही असतो. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम परत रक्तात घेतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवी वाढवणारी औषधे मिठाच्या याच परतीच्या वाटेवर काम करतात.