थॉमस प्रिंगल

मुंबईत विद्यादान करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉ. जॉन विल्सन यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. स्कॉटलंडच्या ज्या दक्षिण सीमाप्रांतात ते जन्मले, त्याच प्रांतात, त्यांच्या अगोदर सुमारे १६ वर्षे, केल्सो गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी थॉमस प्रिंगल याचा जन्म झाला. तो दिवस ५ जानेवारी १७८९ हा होय. या पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही आज सादर करीत आहोत.

तान्हा असतानाच एका अपघातात थॉमसच्या मांडीचा सांधा निखळला व तो जन्मभराचा लंगडा झाला. शेतकऱ्याचा मुलगा, आणि नांगर धरण्यास असमर्थ! परंतु वडिलांनी त्यास शाळेत घातले. पुढे कुबड्यांच्या आधाराने चालत त्याने एडिंबरो येथील विद्यापीठातही अध्ययन केले, सरकारी दप्तरखान्यात कारकुनी पत्करली आणि काव्यलेखनामुळे सर वॉल्टर स्कॉट यांचा स्नेह संपादन केला.

नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये फार मंदी आली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत शेतकरी कुटुंबे नेऊन वसविण्यासाठी १८१९ साली पार्लमेंटने ५०,००० पौंड मंजूर केले. प्रिंगलचे आप्त चरितार्थासाठी विखुरले जाण्याच्या बेतात होते. सर्वांस एकत्र राहता यावे म्हणून त्याने १२ पुरुष, ६ स्त्रिया व ६ मुले अशा २४ जणांची तुकडी जमविली. १८२० च्या फेब्रुवारीत ती इंग्लंडहून निघाली, आणि मे महिन्यात अल्गोआच्या उपसागरात उतरली. तेथून बैलगाड्यांनी डोंगर ओलांडीत ही मंडळी जूनच्या अखेरीस बाव्हियान्स नदीच्या खोऱ्यात पोहोचली. त्या जागेस त्यांनी ग्लेन लिंडन हे नाव दिले.

रात्री सिंहांच्या गर्जना ऐकू येत. राहण्यास प्रथम तंबू, मग कुडाच्या झोपड्या. प्रिंगल स्वतः कुदळ मारू शकत नव्हता. तथापि जमिनीची वाटणी, आजाऱ्यास औषध, तंट्यांचा निवाडा, रविवारची उपासना आणि सरकारशी पत्रव्यवहार ही सारी कामे त्याच्याकडेच होती. या लोकांनी नदीचे पाट काढले आणि मेंढ्या व गुरे पाळली. समुद्राकडील इंग्रज वसाहतकारांच्या गव्हावर तांबेरा पडून त्यांची दैना झाली, तेव्हा स्कॉच मंडळी गुरांच्या बळावर तगली. प्रिंगलने त्या आपद्ग्रस्तांसाठी निधी जमविण्यास साह्य केले.

परंतु ती भूमी निर्जन नव्हती. सान लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते, आणि गोऱ्यांनी त्यांस हुसकाविले होते. सान लोकांनी गुरे पळविली तेव्हा त्यांच्यावर सशस्त्र टोळी धाडावी, अशी मागणी प्रिंगलनेही केली. ही गोष्ट त्याने आपल्या ग्रंथात लपविली नाही. म्हणून आम्हीही ती झाकून ठेवीत नाही.

१८२२ साली तो केप टाउन येथे ग्रंथालयात नोकरीस राहिला. जॉन फेअरबेर्न या मित्रासह त्याने शाळा काढली व १८२४ साली वृत्तपत्र व मासिक चालविले. गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट यास स्वतंत्र लेखणी खपेना. छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्यापेक्षा दोघांनी पत्रच बंद केले. प्रिंगलने नोकरी सोडली, शाळा बुडाली, डोक्यावर कर्ज झाले. वसाहतीतील वृत्तपत्रांस १८२९ साली स्वातंत्र्य मिळाले, त्याचे श्रेय या झगड्यास फार मोठ्या प्रमाणात आहे.

१८२६ साली तो लंडनला परतला. केपमधील गुलामगिरीविषयी त्याने लिहिलेला लेख पाहून गुलामगिरीविरोधी संस्थेने १८२७ साली त्यास आपला चिटणीस नेमले. बर्म्युडात जन्मलेली मेरी प्रिन्स ही मालकाचे घर सोडून आलेली दासी त्याच्या घरी कामास होती. तिची हकीकत तिच्याच तोंडून लिहवून घेऊन त्याने १८३१ साली प्रसिद्ध केली. मालकाने अब्रूनुकसानीचा दावा लावला. तो प्रिंगल हरला. पण मेरीचे बोलणे हजारो वाचकांपर्यंत पोहोचले होते.

१८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. पुढल्या जूनमध्ये प्रिंगल क्षयाने अंथरुणास खिळला. केप वसाहतीत हा कायदा १ डिसेंबर १८३४ रोजी अमलात आला, आणि अवघ्या चार दिवसांनी, ५ डिसेंबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी, प्रिंगलने लंडनमध्ये देह ठेवला. मुक्त झालेल्यांस आणखी चार वर्षे जुन्या धन्यांकडे राबावे लागले. तरी गुलामगिरीची बेडी कायद्याने तुटली होती. १९७० साली त्याच्या अस्थी बाव्हियान्स नदीच्या त्याच खोऱ्यात नेऊन पुरण्यात आल्या.

विद्यार्थिमित्रहो, ज्यास नांगर धरता आला नाही त्याने एक गाव वसविले. आणि ज्याने एकदा दुर्बळांवर शस्त्र धाडण्याची मागणी केली, त्यानेच पुढे आपली लेखणी दुर्बळांच्या स्वाधीन केली. शरीराचे व्यंग त्यास आयुष्यभर सोडून गेले नाही. परंतु मनाची चूक मनुष्यास सुधारता येते, हे त्याच्या चरित्रावरून आम्ही शिकलो. तुम्हीही ते शिकाल अशी आशा आहे.