सरदारांचे लिफाफे

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत पूर्वी किराणा दुकानात गेले, की दुकानदार जुन्या वर्तमानपत्राचा किंवा वहीचा कागद घेई, बोटांनी त्याचा शंकू करी आणि त्यात जिरे, मोहरी, साखर भरून दोऱ्याने बांधून देई. घरी आल्यावर पुडी सोडायची, दोरा गुंडाळून ठेवायचा आणि कागद सरळ करून फळीवर अंथरायचा, ही बहुतेक घरांतली रीत होती. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि ती रीत बरीचशी मागे पडली. पण ही गोष्ट किराण्याची नाही. कागदाचा असा तुकडा न् तुकडा जपणाऱ्या एका फार मोठ्या माणसाची आहे. त्याने एका तुरुंगात बसून रद्दीतून लिफाफे तयार केले. त्या माणसाचे नाव वल्लभभाई पटेल.

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी गुजरातमधील नडियाद येथे झाला. त्यांचे गाव करमसद. वडील झवेरभाई शेतकरी होते. घरात भावंडे बरीच आणि पैसा बेताचा, त्यामुळे शिक्षण रखडतच झाले. मॅट्रिकची परीक्षा ते पास झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. आज या वयात मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. वकिलीचा अभ्यास त्यांनी दुसऱ्यांकडून पुस्तके मागून आणून केला. पुढे स्वतःच्या कमाईतून पैसे साठवून विलायतेला जायचे ठरवले, तर तिकीट आणि कागदपत्रे व्ही. जे. पटेल या नावाने आली. थोरल्या भावाचे, विठ्ठलभाईंचे नावही व्ही. जे. पटेलच. थोरल्याच्या आधी धाकट्याने जाणे बरे दिसणार नाही, असे विठ्ठलभाईंना वाटले. वल्लभभाईंनी काही न बोलता ती कागदपत्रे भावाच्या हाती दिली आणि त्याच्या खर्चासाठी पैसेही पाठवले. त्यांची स्वतःची पाळी १९१० साली आली. लंडनमध्ये पुस्तके विकत घेणे परवडत नसे, म्हणून ते रोज दूरवर पायी चालत जाऊन ग्रंथालयात बसत आणि ते बंद होईपर्यंत वाचत. ते बॅरिस्टर झाले आणि १९१३ मध्ये परत आले.

अहमदाबादेत त्यांची वकिली जोरात चालू लागली. अंगावर उत्तम विलायती सूट, संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव, असा त्यांचा थाट होता. गांधीजी अहमदाबादेत आश्रम काढून राहिले, तेव्हा वल्लभभाई क्लबात बसून त्यांची थट्टा करीत. धान्यातले खडे निवडून स्वराज्य कसे मिळेल, असे त्यांना वाटे. पण हळूहळू त्यांचे मत बदलले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. तरी सरकार सारा मागत होते. त्या लढ्यात वल्लभभाई गांधीजींबरोबर खेड्याखेड्यांत हिंडले. पुढे त्यांनी विलायती कपडे सोडले, वकिलीही सोडली. १९२८ साली बार्डोली तालुक्यात सरकारने शेतसारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला. शेतकऱ्यांनी तो भरायचा नाही असे ठरवले आणि वल्लभभाईंना पुढारी केले. लढ्याची बातमी देणारी पत्रके छापून गावोगाव वाटली जात. लोक ती चावडीवर मोठ्याने वाचत. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. तेव्हापासून लोक त्यांना सरदार म्हणू लागले.

आता लिफाफ्यांकडे येऊ.

४ जानेवारी १९३२ रोजी इंग्रज सरकारने गांधीजींना आणि सरदारांना पकडले आणि पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात ठेवले. दोघे एकाच ठिकाणी सुमारे सोळा महिने राहिले. मार्च महिन्यात गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनाही तेथे आणले. महादेवभाई रोज दैनंदिनी लिहीत. त्या वहीत तुरुंगातल्या लहानसहान गोष्टी त्यांनी नोंदवून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या कळतात.

सरदार तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. गांधीजी चहा घेत नाहीत, म्हणून तुरुंगात येताच त्यांनी आपलाही चहा सोडला. गांधीजींसाठी दातवण ठेचून ठेवणे, फळे सोलणे, लिंबूपाणी करणे ही कामे त्यांनी आपणहून घेतली. गांधीजी पुष्कळ पदार्थांत खाण्याचा सोडा घालीत. यावरून सरदार त्यांची चेष्टा करीत. कोणी कसलीही अडचण पुढे मांडली, की तीत थोडा सोडा घालावा असा उपाय सरदार सुचवीत आणि गांधीजी खळखळून हसत. वर्तमानपत्र आले की सरदार ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढीत. आणि वाचून झाले की हातात कात्री घेत.

गांधीजींना रोज ढीगभर पत्रे येत. काही ओळखीच्यांची, काही अनोळखी माणसांची, काही तर अगदी विचित्र प्रश्न विचारणारी. गांधीजी बहुतेकांना उत्तर देत. येणाऱ्या पत्राची पाठ कोरी असली, तर ती ते लिहायला वापरीत. पण उत्तर पाठवायचे तर लिफाफा हवा. बाजारातून लिफाफे मागवता आले असते. सरदारांनी ते काम स्वतःकडे घेतले. आलेली पाकिटे, गुंडाळून आलेले कागद, जे जे वाया जाणार ते सारे ते गोळा करीत, त्याच्या घड्या मोडीत, मापाने कापीत आणि त्याचे नवे लिफाफे करीत. सुरुवातीला वेळ घालवण्याचे साधन असेल, पण पाहता पाहता त्यांचा हात त्यात इतका बसला, की गांधीजी आपल्या पत्रांतून सरदारांच्या लिफाफ्यांचे कौतुक बाहेरच्या लोकांना कळवू लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजींनी तुरुंगात उपोषण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना भेटायला येरवड्याला आले. आंब्याच्या झाडाखाली खाट टाकलेली होती, तेथे बोलणी झाली आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. यानंतर अस्पृश्यता दूर करण्याच्या कामासाठी पत्रे लिहिण्याची आणि माणसांना भेटण्याची मोकळीक सरकारने गांधीजींना दिली. मग तर पत्रांचा पूरच आला. ११ फेब्रुवारी १९३३ पासून पुण्याहून हरिजन हे साप्ताहिकही निघू लागले. जितकी पत्रे जास्त, तितके लिफाफे जास्त. एकेकाळी ज्यांची एक उलटतपासणी ऐकायला कोर्टात गर्दी होई, ते बॅरिस्टर गुडघ्यावर कागद ठेवून कडा जुळवीत बसत.

लिफाफा करणे दिसते तितके सोपे नाही. विश्वास नसेल, तर एकदा करून पाहा. टपालाने आलेले एखादे जुने पाकीट घ्या. त्याचे जोड थोडे ओले करून सावकाश सोडवा. पूर्ण उघडल्यावर ते चार पाकळ्यांच्या फुलासारखे दिसते. हा झाला आपला नमुना. तो दुसऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलने कडेने रेघ ओढा आणि कात्रीने कापा. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या आत दुमडा, खालची त्यांच्यावर आणा आणि कडांना खळ लावा. वरची पाकळी मोकळी ठेवा, ती पत्र घातल्यावर चिकटवायची असते. कागदाची एक बाजू लिहिलेली असेल, तर ती आत जाईल अशी घडी घाला, म्हणजे पत्ता लिहायला कोरी बाजू बाहेर येते. शेवटी लिफाफा जाड पुस्तकाखाली तासभर दाबून ठेवा. नाहीतर खळ वाळताना कागद आकसतो आणि लिफाफा वाकडा होतो. खळ घरीच होते. दोन चमचे मैदा पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचा. काही घरांत तिला लई म्हणतात. विस्तवाजवळचे हे काम घरातल्या मोठ्या माणसासमोरच करावे.

याच रीतीने घरात पडून असलेल्या लग्नपत्रिकांचे काय करता येईल, ते पाहा. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी असते. ती कापून कोऱ्या जाड कागदावर चिकटवली, की ईदचे किंवा दिवाळीचे शुभेच्छापत्र तयार. पूर्वी ईदच्या आधी आठ दिवस दुकानांतून ईदकार्डे दोऱ्यांवर लटकत असत. ज्यांना ती विकत घेणे जमत नसे, त्या मुली जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचे चंद्र-तारे कापून घरीच कार्डे करीत. अशी कार्डे मी पाहिली आहेत, आणि दुकानातल्या कार्डांपेक्षा ती मला जास्त आवडत.

जाता जाता एक गंमत सांगतो. लिफाफा हा मराठी शब्द तुम्हाला कोणी शिकवावा लागला नसेल. तो अरबीतून आला आणि उर्दूत व मराठीत सारखाच रुळला. कागद, कलम, दौत, शाई, रद्दी, दफ्तर हे शब्दही फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. लिहिण्याच्या सामानापुरते तरी तुमची उर्दू आणि ही मराठी एकाच दप्तरात राहतात.

येरवड्यात सरदारांनी आणखी एक काम आरंभले. ते संस्कृत शिकू लागले. आपल्या साताऱ्याजवळच्या औंध येथे राहणारे पंडित सातवळेकर यांनी घरबसल्या संस्कृत शिकण्यासाठी पाठमाला लिहिली होती. ती मागवून छप्पन्न वर्षांचे सरदार विद्यार्थ्यासारखे पाठ गिरवू लागले.

८ मे १९३३ रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले आणि त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडले. सरदार आतच राहिले. ऑगस्टमध्ये त्यांना नाशिकच्या तुरुंगात हलवले. तेथे असतानाच ऑक्टोबरात थोरले बंधू विठ्ठलभाई परदेशात वारले. ज्या भावासाठी त्यांनी विलायतेची आपली पाळी सोडली होती, तोच हा भाऊ. अंत्यसंस्काराला जाण्यासाठी सरकार सरदारांना थोड्या दिवसांकरिता सोडायला तयार होते, पण त्याला अटी होत्या. सरदारांनी त्या अटी मान्य केल्या नाहीत. ते नाशिकलाच राहिले. नाकाच्या दुखण्यामुळे १९३४ च्या जुलैत त्यांची सुटका झाली.

पुढचा इतिहास तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचता. देश १९४७ साली स्वतंत्र झाला आणि सरदार उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले. साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात सामील करून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. आपले नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात आले. त्या दिवसांच्या आधी आणि नंतरही मराठवाड्यातील अनेक निरपराध कुटुंबांना फार सोसावे लागले. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्या आठवणी सांगितल्या असतील, तर त्या नीट ऐकून ठेवा. १९४९ च्या फेब्रुवारीत सरदार हैदराबादला गेले, तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान त्यांच्या स्वागताला विमानतळावर आले होते. निजाम जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक, पण तेही कागदाच्या बाबतीत फार काटकसरी होते आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर हुकूम लिहीत, असे सांगतात.

सरदारांच्या घरी त्यांची मुलगी मणिबेन सारा कारभार पाही. ती रोज सूत काती आणि त्या सुताच्या खादीचे धोतर व सदरे सरदार वापरीत. ते जुने झाले, की मणिबेन त्यांतूनच आपली साडी आणि पोलके करी. साडीला ठिगळेही असत. गृहमंत्र्यांच्या मुलीने असे कपडे घालावेत, याची येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवलाई वाटे. मणिबेनला वाटत नसे.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचे निधन झाले. काँग्रेस पक्षासाठी लोकांनी दिलेले पैसे त्यांच्याकडे होते. मणिबेनने ते पैसे असलेली पिशवी आणि हिशेबाची वही घेतली, ती दिल्लीला गेली आणि दोन्ही वस्तू तिने पंडित नेहरूंच्या हाती दिल्या.