फादर नेहेम्या गोऱ्हे : प्रश्नांना न घाबरलेला पंडित



ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. याच महिन्यात मिशन रविवारही येतो. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा दूरदेशाहून आलेले गोरे फादर उभे राहतात. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स असेच इंग्लंडहून आले होते. यंदा मात्र आम्ही आपल्याच मातीतल्या, मराठी घरातल्या एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यांचे नाव नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत ते प्रभूच्या घरी गेले.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. फादर गोऱ्हे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, ते अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू होते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले, की आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधूंमध्ये पवित्र आत्म्याने जे चांगले घडविले आहे ते ओळखावे आणि त्यापासून आपली उन्नती करून घ्यावी. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे.

विरोधक म्हणून सुरुवात

नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा गावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. पुढे ते बुंदेलखंडात आणि तेथून काशीस स्थायिक झाले. काशी म्हणजे विद्येचे माहेरघर. तेथे नीळकंठांनी पंडितांच्या पायाशी बसून संस्कृत, व्याकरण आणि न्यायशास्त्र यांचा अभ्यास केला. बुद्धी तीक्ष्ण आणि मन धार्मिक. देवाविषयीचा विचार हा त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता.

त्या काळी काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी रस्त्यात उभे राहून उपदेश करीत. आपल्या धर्मावरची टीका नीळकंठांना सहन झाली नाही. या मिशनऱ्याला वादात हरवून गप्प करावे, या हेतूने ते त्यांच्याकडे गेले. त्याच सुमारास जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने संस्कृतात लिहिलेला मतपरीक्षा हा ग्रंथ पंडितांमध्ये गाजत होता. त्याला उत्तर म्हणून नीळकंठांनी १८४४ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते. म्हणजे पुढे ख्रिस्ती श्रद्धेचा कैवार घेणाऱ्या या माणसाचा पहिला ग्रंथ ख्रिस्ती धर्माच्या विरोधातला आहे!

पण विरोध करायचा तर आधी वाचायला हवे, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. म्हणून त्यांनी बायबल हाती घेतले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दोष शोधायला गेलेला पंडित हळूहळू स्वतःलाच प्रश्न विचारू लागला. ही घालमेल काही वर्षे चालली. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गोंधळ नको म्हणून, जौनपूर येथे त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला आणि नेहेम्या हे नाव घेतले.

या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली. घर, जात, मानमरातब, पंडितांमधले स्थान, सारे एका दिवसात सुटले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, परंतु १८५३ साली कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्या वारल्या. तान्ह्या मुलीला दुसऱ्यांच्या घरी वाढवावे लागले. ही एलन पुढे इंग्रजीत भक्तिगीते लिहून प्रसिद्ध झाली.

इंग्लंडचा अनुभव

१८५४ साली पंजाबचे तरुण महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून नेहेम्या इंग्लंडला गेले. ख्रिस्ती लोकांचा देश पाहायला मिळणार म्हणून त्यांच्या मनात मोठ्या आशा होत्या. तेथे ऑक्सफर्डचे प्रख्यात पंडित मॅक्स म्युलर यांच्याशी त्यांची भेट झाली. म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की हा हिंदी पंडित अतिशय खिन्न होता. ज्या ख्रिस्तासाठी त्याने सर्वस्व सोडले, त्या ख्रिस्ताचे जीवन त्याला लंडनच्या रस्त्यांवर दिसेना.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबू या. नेहेम्यांच्या मनाला सर्वांत मोठा धक्का कोणा विरोधकाच्या युक्तिवादाने दिला नाही. तो दिला नावापुरत्या ख्रिस्ती असलेल्या लोकांच्या वागण्याने. आपल्या शेजाऱ्यांना आपल्या घरात ख्रिस्त दिसला नाही, तर आपली सारी उत्तरे वाऱ्यावर जातात. नेहेम्यांनी मात्र माणसांच्या वागण्यावरून ख्रिस्ताची पारख केली नाही. ते मायदेशी परतले आणि कामाला लागले.

आधी पूर्वपक्ष, मग उत्तर

१८६० साली त्यांचा षड्दर्शन दर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत विद्वानाने त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात प्रसिद्ध केले. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त या सहा दर्शनांची त्यात तपासणी आहे. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ही दर्शने अभ्यासली होती, त्यामुळे या कामाची अवघड वाट आम्हांला ठाऊक आहे.

गोऱ्हे यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडायचे, तेही त्याच्याच ग्रंथांच्या आधारे. याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. मगच स्वतःचे उत्तर द्यायचे. वेदान्त म्हणतो की ब्रह्म तेवढे सत्य आणि बाकी सारे अज्ञानामुळे भासते. गोऱ्हे विचारतात, मग ते अज्ञान कोणाच्या ठायी आहे? न्यायदर्शन ईश्वराला मानते, पण जीवात्मे आणि परमाणू अनादी समजते. गोऱ्हे विचारतात, जे ईश्वराने निर्माणच केले नाही, त्याचा तो खरा स्वामी कसा? या प्रश्नांवर दुसऱ्या बाजूच्या विद्वानांपाशीही उत्तरे आहेत आणि तो संवाद आजही चालू आहे. परंतु गोऱ्हे यांचे प्रश्न ग्रंथ वाचून, समजून घेऊन विचारलेले आहेत. आपल्या संत थोमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हीच शिस्त पाळली. त्यांच्या सुम्मा या महाग्रंथात प्रत्येक मुद्द्याच्या आरंभी विरोधकांचे आक्षेप येतात, उत्तर नंतर येते.

ख्रिस्त केवळ थोर गुरू?

पुढे गोऱ्हे यांच्यासमोर वेगळाच प्रश्न आला. कलकत्त्यात ब्राह्मसमाज आणि मुंबई-पुण्यात १८६७ नंतर प्रार्थनासमाज यांनी सुशिक्षितांची मने जिंकली होती. ही मंडळी सज्जन होती. एकच देव मानणारी, मूर्तिपूजा आणि जातिभेद यांना विरोध करणारी, येशूविषयी आदराने बोलणारी. मात्र त्यांच्या दृष्टीने येशू हा थोर गुरू होता, देवाचा पुत्र नव्हता. उघड विरोधापेक्षा असे गोड बोलणे अधिक अवघड असते, कारण त्यात पुष्कळसे खरे असते.

गोऱ्हे यांनी त्यांच्याशी पुस्तिकांतून, पत्रांतून आणि भेटींतून संवाद केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पवित्र, प्रेमळ, पापाची क्षमा करणारा आणि प्रार्थना ऐकणारा देव ही तुमची श्रद्धा केवळ तुमच्या बुद्धीतून आलेली नाही, प्राचीन शास्त्रांतूनही ती जशीच्या तशी निघत नाही. ती ख्रिस्ती प्रकटीकरणातून तुमच्यापर्यंत पोहोचली आहे. मग फळ घ्यायचे आणि झाड नाकारायचे, हे कसे?

याचा परिणाम एका थोर स्त्रीच्या जीवनावर झाला. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या, तेव्हा त्यांची गोऱ्हे यांच्याशी ओळख झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा स्नानसंस्कार झाला. ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत पोहोचण्यात फादर गोऱ्हे यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनी आपल्या साक्षीत कृतज्ञतेने नमूद केले आहे. स्नानसंस्कारानंतरही रमाबाईंना पवित्र त्रैक्याविषयी आणि ख्रिस्ताच्या देवपणाविषयी प्रश्न पडत राहिले. त्या बुद्धिमान स्त्रीला दटावून गप्प करणे कोणालाच शक्य नव्हते. तिला हवी होती कारणे सांगणारी माणसे.

साधे राहणे, शंकांसह चालणे

१८७० साली गोऱ्हे अँग्लिकन मंडळीत धर्मगुरू झाले. १८७६ साली ते इंग्लंडमधील काउली येथील संन्यस्त संघात नवशिष्य म्हणून दाखल झाले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. लोक त्यांना फादर गोऱ्हे म्हणूनच ओळखत. इंदूर, पुणे, मुंबई अशी त्यांची सेवा झाली. काही काळ ते आपल्या शेजारच्या चांद्यासही होते. आज गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाहला जाणारी गाडी चांदा फोर्टला थांबते. त्याच चांद्यात हा काशीचा पंडित शुभवर्तमान सांगत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

त्यांचे राहणे अगदी साधे, संन्याशाला शोभणारे होते. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी थाटाने राहणे, हे त्यांना मान्य नव्हते. वैराग्य, भक्ती, देवासाठी सर्व सोडण्याची तयारी, हे भारतीय संस्कार देवानेच ख्रिस्तासाठी तयार केलेली जमीन आहे, असे त्यांना वाटे.

आणि तरीही त्यांचे मन कधी पूर्ण शांत नव्हते. अनंतकाळच्या शिक्षेसारख्या शिकवणुकीविषयी त्यांना शंका येत. स्वतःच्या विवेकाला ते सतत तपासत राहत. काहींना हा त्यांचा दुबळेपणा वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. शंका आल्यावर त्यांनी प्रार्थना सोडली नाही, अभ्यास सोडला नाही आणि ख्रिस्ताला सोडले नाही. शंका येणे म्हणजे श्रद्धा जाणे नव्हे. शंका मनात दाबून ठेवून एकटे पडणे हे अधिक धोक्याचे आहे.

आपल्या धर्मग्रामासाठी

हे सारे आम्ही आज का सांगत आहोत? आपल्या जिल्ह्यात आपली संख्या थोडी आहे. गावात एकदोन घरे, कुठे एकच घर. अशा घरी कोणी पत्रके आणून देतो, कोणी मोबाइलवर संदेश पाठवतो. कोणी म्हणतो, तुम्ही मरियेची पूजा करता म्हणून तुमचे तारण नाही. कोणी जगाच्या अंताची तारीख सांगतो. कोणी तर आजाऱ्याला सांगतो, की तुझी श्रद्धा खरी असेल तर औषध बंद कर. या शेवटच्या शिकवणुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून उत्तर ठाऊक असणे हा केवळ वादविवादाचा विषय नाही.

उत्तरे आहेत, आणि ती अवघड नाहीत. आराधना फक्त देवाची; पवित्र मरिया आणि संत यांना आपण सन्मान देतो. हा भेद निकेया येथील दुसऱ्या परिषदेने ७८७ सालीच स्पष्ट केला आहे. तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात २४ व्या अध्यायात आहे, मग तारखा सांगणारे कोण? आणि वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत, हे बेन सिराच्या ग्रंथात ३८ व्या अध्यायात आहे. प्रार्थनाही करावी आणि औषधही घ्यावे.

फादर गोऱ्हे यांच्याकडून आपण तीन गोष्टी शिकू या. पहिली, समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, अर्धवट ऐकून दरवाजा लावू नये. दुसरी, आपली श्रद्धा आपण स्वतः नीट शिकावी. बायबल आणि ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण यांसाठी दररोज पंधरा मिनिटे काढणे कोणत्याही घराला अशक्य नाही. तिसरी, उत्तर देताना गोडवा सोडू नये. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास तयार राहा असे सांगतात, आणि लगेच सौम्यता व आदर यांची आठवण करून देतात. आपले हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारी आणि इतर पंथांचे ख्रिस्ती बांधव हे आपले शत्रू नाहीत. वादात जिंकून शेजारी गमावला, तर काय मिळवले?

ज्यांच्या घरी असे प्रश्न आले आहेत, त्यांनी ते मनात ठेवू नयेत. रविवारच्या पवित्र मिस्सानंतर आम्हांला भेटावे. हवे तर नाव न घालता चिठ्ठीवर लिहून द्यावे. मुलांनी विचारलेल्या प्रश्नावर आईवडिलांनी रागावू नये. उत्तर येत नसेल तर मुलाला घेऊन यावे, मिळून शोधू.

येत्या २९ तारखेला जपमाळ म्हणताना एक रहस्य सत्याच्या शोधात असलेल्या सर्वांसाठी अर्पण करू या. ज्या प्रभूने काशीच्या त्या पंडिताला त्याच्या प्रश्नांतूनच आपल्याजवळ आणले, तो आपल्या घरांतील प्रश्नांनाही वाट दाखवो. आमेन.

आपले धर्मगुरू