त्याच्या दारातली फुलं

पाचगणी म्हटलं की आपल्याला टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा आठवतात. त्यातल्याच सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचं नाव फारुख बलसारा. आईवडील, जेर आणि बोमी, तिकडे आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर. एवढ्याशा पोराला समुद्रापार पाठवताना त्या माऊलीच्या जिवाचं काय झालं असेल!

शाळेत तो पियानो शिकला, दोस्तांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. मुलं त्याला फ्रेडी म्हणू लागली. १९६४ मध्ये झांजिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. तिथे १९७० साली ‘क्वीन’ बँड उभा राहिला आणि फारुखचा झाला फ्रेडी मर्क्युरी! ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नं १९७५ मध्ये त्याला घराघरात नेलं. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मध्ये तर अख्खं वेम्बली स्टेडियम त्याच्या तालावर टाळ्या वाजवत होतं.

पण पुढे एड्सनं गाठलं. त्या काळी आजारापेक्षा लोकांच्या नजरांचीच धास्ती मोठी. त्यानं ते जगापासून लपवलं. २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५.

लंडनच्या त्याच्या घराबाहेर फुलांचा खच पडला. अंत्यसंस्कार पारशी रीतीनं झाले. अस्थी मात्र त्याच्या जिवलग मैत्रिणीनं, मेरी ऑस्टिननं, गुप्त ठिकाणी ठेवल्या. समाधीच नाही, मग चाहत्यांनी जायचं कुठे? त्यांनी घराच्या भिंतीलाच आपलं मानलं. वर्षानुवर्षं लोक तिथे येऊन निरोप लिहीत राहिले. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथे तळ्याकाठी १९९६ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. तिथेही दर सप्टेंबरात, वाढदिवसाच्या सुमारास, चाहते जमतात.

नुसतं रडून मात्र कुणी थांबलं नाही. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीत त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यातूनच ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ सुरू झाला.

जेरबाई लेकामागे पंचवीस वर्षं जगल्या, २०१६ मध्ये गेल्या. लेकानं जो आजार शेवटच्या दिवसापर्यंत लपवला, त्याच आजाराशी झगडणाऱ्यांना लेकाच्या नावानं मदत मिळते, हे त्या माऊलीनं पाहिलं.